तुझी मुले म्हणजे कोणाची मुले?
(नगर रोडवरील एका कॅथॉलिक विद्यापीठाचा इतिहास)

केंदूरहून पुण्याला यायचे तर आधी शिक्रापूर गाठावे लागते. तिथे नगर रोड लागतो. मग कोरेगाव भीमा, भीमेवरचा पूल, पुलापलीकडे पेरण्याच्या हद्दीतला विजयस्तंभ, पुढे लोणीकंद, वाघोली, खराडी, रामवाडी आणि शेवटी येरवडा. लहानपणी एस.टी.त उभ्याने प्रवास करताना वडिलांनी मला या रस्त्यावरच्या दोन जागा दाखवून ठेवल्या होत्या. पहिली जागा स्तंभाची. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे आले होते. दुसरी येरवड्याच्या तुरुंगाची, जिथे सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे कराराचा तो अध्याय घडला. वडील चौथीपर्यंत शिकलेले, दुसऱ्याच्या रानात राबणारे. पण त्यांच्या हिशोबी आपला इतिहास या दोन थांब्यांच्या मध्ये मावत होता.

या दोन थांब्यांच्या मधोमध, रामवाडीला, झाडीमागे एक मोठे आवार दिसे. वर क्रूस. मी विचारले, "दादा, हे काय?" वडील म्हणाले, "ते पाद्र्यांचं कॉलेज." एवढ्यावर विषय संपला. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पुढे महाविद्यालयात शिकवू लागलो, आणि एका पुस्तकाच्या शोधात प्रथमच त्या आवारात पाऊल टाकले. तेव्हा कळले की ते नुसते कॉलेज नाही. ते विद्यापीठ आहे. त्याचे नाव ज्ञानदीप विद्यापीठ. तत्त्वज्ञान आणि ख्रिस्ती धर्मशास्त्र या दोन विद्याशाखांतील पदव्या ते देते, आणि त्या देण्याचा अधिकार त्याला रोमकडून मिळालेला आहे.

दलित चळवळीच्या अभ्यासकाला अशा संस्थेचे काय, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, या देशात कोणतीही विद्यासंस्था जातीच्या प्रश्नाला वळसा घालून उभी राहिलेली नाही. कोणी उभारली, कोणाला आत घेतले, कोणाकडून शिकले आणि कोणाला नुसतेच शिकवले, हे चार प्रश्न आपण काशीच्या पाठशाळेला विचारतो. तेच प्रश्न रामवाडीच्या विद्यापीठाला विचारले पाहिजेत. कारण त्या दाराबाहेर आपलेच नातेवाईक पिढ्यान्‌पिढ्या उभे होते, आणि आता त्यांतले काही आत गेले आहेत.

१

या विद्यापीठाचा जन्म पुण्यातला नाही, भारतातलाही नाही. १८९३ साली तेरावे लिओ या पोपनी सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, कँडी येथे भारतीय उपखंडासाठी एक सेमिनरी काढली. तिला पेपल सेमिनरी म्हणतात. भारतातले पाद्री घडवायची शाळा समुद्रापलीकडे का? त्याचे कारण चर्चच्या अंतर्गत राजकारणात होते. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चवर पाद्रुआदो नावाचा जुना हक्क होता. धर्माधिकारी कोणी नेमायचे यावरून लिस्बन आणि रोम यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला. पोपचे प्रतिनिधी लादिस्लाव झालेस्की कँडीत राहत. तिथेच त्यांच्या पुढाकाराने ही संस्था उभी राहिली आणि ती बेल्जियन जेझुइटांच्या हाती सोपवण्यात आली.

या सेमिनरीचे ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे. त्याचा मथितार्थ असा: हे भारता, तुझ्या तारणाचे कार्य तुझी स्वतःचीच मुले करतील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, युरोपचे साम्राज्य ऐन भरात असताना, गोऱ्या धर्मसत्तेने हे म्हणणे ही लहान गोष्ट नव्हती, हे मान्य केले पाहिजे. देशी माणूस पाद्री होण्यास लायक नाही ही समजूत त्या काळीही पुष्कळ मिशनऱ्यांच्या मनात होती.

परंतु 'तुझी मुले' म्हणजे नेमकी कोणाची मुले? ब्रीदवाक्य त्याचे उत्तर देत नाही, इतिहास देतो. गोव्यात १५४२ पासून सेंट पॉलचे कॉलेज होते, १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना तिथेच आला. त्या गोव्यात देशी पाद्री घेण्याची वेळ आली तेव्हा आधी बाटलेल्या ब्राह्मणांची मुले घेतली गेली, मागाहून चारडोंची. त्यातही ब्राह्मण कुळातल्या मातेउस द कास्त्रो यांना गोव्यात दार उघडेना, म्हणून ते रोमला गेले आणि १६३७ मध्ये बिशप होऊन परतले. आपल्यासाठी यातला बोध स्पष्ट आहे. गोऱ्याने ब्राह्मणाला नाकारले याची नोंद इतिहासात ठळक राहिली. ज्याने दार ठोठावायचे धाडसही केले नाही, त्याची नोंदच झाली नाही.

सेमिनरी मात्र वाढली. १९२६ साली तिला तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र यांतील पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. पुढे भारत आणि सिलोन स्वतंत्र झाले, दोन देशांत दोन पारपत्रे आली, आणि १९५५ मध्ये ही संस्था पुण्याला हलली. कँडीजवळची जुनी वास्तू श्रीलंकेच्या राष्ट्रीय सेमिनरीची झाली. आणि ज्या रस्त्याने आमचे लोक दर १ जानेवारीला स्तंभाकडे जातात, त्या रस्त्यावर रोमच्या पदव्या देणारे विद्यापीठ उभे राहिले. दीक्षाभूमीवरील धर्मांतराला तेव्हा एक वर्ष उरले होते.

२

ज्ञानदीपमध्ये शिकणारे सारे विद्यार्थी एका छताखाली राहत नाहीत. निरनिराळ्या धर्मप्रांतांनी पाठवलेले विद्यार्थी पेपल सेमिनरीत राहतात. जेझुइट संघाचे विद्यार्थी द नोबिली कॉलेजात. या दुसऱ्या नावापाशी मी थबकलो.

रॉबर्टो द नोबिली (१५७७–१६५६) हा रोममधील उमराव घराण्यातला जेझुइट. १६०६ मध्ये तो मदुराईला गेला. तिथे आधीपासून एक पोर्तुगीज पाद्री काम करीत होता, आणि त्याच्याभोवती जमलेले ख्रिस्ती बहुतांशी किनाऱ्यावरचे कोळी, खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींचे लोक होते. वरच्या जातींचे लोक या पाद्र्याला आणि त्याच्या कळपाला 'परंगी' म्हणून हिणवीत. द नोबिलीने यावर उपाय काढला. त्याने या जुन्या मंडळींपासून फारकत घेतली, निराळे घर केले, भगवी वस्त्रे घातली, कपाळी चंदन लावले, मांस वर्ज्य केले, ब्राह्मण आचारी ठेवला, जानवे परिधान केले, आणि आपण परंगी नसून रोमहून आलेले उच्च कुळातले संन्यासी आहोत असे जाहीर केले. तमिळ, तेलुगू आणि संस्कृत या तिन्ही भाषा तो शिकला. संस्कृतात उतरलेल्या पहिल्या युरोपियनांत त्याची गणना होते. त्याच्यावर चर्चमधूनच टीकेचा भडिमार झाला, तेव्हा १६२३ मध्ये पंधरावे ग्रेगरी या पोपनी जानवे, शेंडी, चंदन इत्यादींना परवानगी दिली. ही केवळ लौकिक चिन्हे आहेत, धार्मिक नव्हेत, असा युक्तिवाद मान्य झाला.

लौकिक चिन्ह! जानवे हे ज्याच्या खांद्यावर असते त्याला ते लौकिक वाटू शकते. ज्याच्या पाठीवर त्याचा वळ उठतो त्याला ते काय वाटते, हे रोममध्ये कोणी विचारले नाही. पुढे या मिशनात पाद्र्यांचेच दोन वर्ग झाले: ब्राह्मण संन्याशाच्या वेषातले वरच्यांसाठी, आणि 'पंडारस्वामी' नावाचे खालच्यांसाठी. एका येशूचे दोन जातींचे सेवक. १७४४ मध्ये चौदावे बेनेडिक्ट यांनी या रीतींविरुद्ध आज्ञापत्र काढले, तरी दक्षिणेतल्या देवळांतली वेगळी बैठक आणि स्मशानातली वेगळी जागा त्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिली.

द नोबिलीची विद्वत्ता मी नाकारीत नाही. परक्या देशात येऊन तिथल्या माणसाच्या भाषेत आणि वेषात शिरणे यामागे एक प्रकारचा आदरही आहे. पण आदर कोणाविषयी? त्याने भारत म्हणून जे पाहिले ते अग्रहार होते. चेरी त्याला दिसली नाही, किंवा दिसूनही त्याने पाठ फिरवली. 'ख्रिश्चनायझिंग द अनटचेबल्स' या लेखात बाबासाहेबांनी मिशनऱ्यांच्या अपयशाची मीमांसा करताना नेमके यावर बोट ठेवले आहे. ब्राह्मण जिंकला की बाकीचे आपोआप मागे येतील, या भ्रमात मिशनरी आधी ब्राह्मणाशी वाद घालायला बसला. ज्याला धर्म बदलण्याची खरी गरज होती त्याच्याकडे तो उशिरा वळला, आणि वळला तेव्हाही बहुधा तोच मागे मागे आल्यामुळे.

३

आता आवारातल्या जीवनाकडे येऊ. १९६० च्या दशकापर्यंत कॅथॉलिक सेमिनरींत धर्मशास्त्राची भाषा लॅटिन होती. पुस्तक लॅटिन, उपासना लॅटिन. छोटा नागपूरच्या आदिवासी मुलाने, तमिळनाडूच्या खेड्यातल्या मुलाने, वसईच्या मुलाने आपल्याच देशात बसून रोमची भाषा घोकायची. संस्कृत पाठशाळेत आणि यात मला फार अंतर दिसत नाही. एवढेच की इथे कानात शिसे ओतण्याची धमकी नव्हती, आणि हे अंतर थोडे नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषांना दार उघडले. वर्गाची भाषा इंग्रजी झाली. मराठी ही आवाराबाहेरची भाषा: भाजीवाल्याची, रिक्षावाल्याची, रविवारी जिथे सेवेसाठी जायचे त्या वस्तीची.

दिनक्रम आखीव असतो. पहाटेची प्रार्थना आणि मिस्सा, सकाळी तास, दुपारी अभ्यास, संध्याकाळी मैदान, पुन्हा प्रार्थना. मी गेलो त्या संध्याकाळी मुले फुटबॉल खेळत होती. मैदानावर मल्याळम, तमिळ, कोकणी आणि मला न कळणाऱ्या दोन-तीन भाषांत आरडाओरड चालली होती. गोल झाला तेव्हा मात्र सगळे एकाच सुरात ओरडले. पाद्री होऊ घातलेल्यांबरोबर आता नन्स आणि काही प्रापंचिक स्त्री-पुरुषही तिथे शिकतात. ग्रंथालय पाहून हेवा वाटला. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते तो शिपाई रजेवर असतो. इथे मुले कपाटांमध्ये फिरत, उभ्याउभ्या वाचत होती.

विद्वत्तेची परंपराही मोठी. शंकराचार्यांच्या अद्वैताचे गाढे अभ्यासक रिचर्ड द स्मेट (१९१६–१९९७) हे बेल्जियन जेझुइट इथे शिकवीत. जोसेफ नॉयनर हे ऑस्ट्रियन जेझुइट १९३८ मध्ये पुण्यास आले, व्हॅटिकन परिषदेत तज्ज्ञ म्हणून बसले, आणि २००९ मध्ये वयाची शंभरी ओलांडून पुण्यातच वारले. गी देल्युरी या फ्रेंच जेझुइटाने विठोबाच्या उपासनेवर लिहिलेला ग्रंथ १९६० मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढला. वारीत चालून या माणसाने पंढरी समजून घेतली. माझे गाव कान्हूराज पाठकांचे, वारकऱ्यांचे. मला या गोष्टीचे अगत्य आहे.

तरीही एक गोष्ट खटकते. व्हॅटिकन परिषदेनंतर 'भारतीयीकरण' हा मंत्र झाला. १९६९ मध्ये उपासनेसाठी बारा मुद्दे मंजूर झाले: मांडी घालून बसणे, अंजली मुद्रा, अंगावर उपरणे, समई, आरती. संस्थेचे नावही संस्कृत आहे: ज्ञानदीप विद्यापीठ. भारतीय व्हायचे ठरवले तेव्हा पुन्हा नजर गेली ती शंकराचार्यांकडे, समईकडे, संस्कृतकडे. डफाकडे, पोतराजाच्या आसुडाकडे, चोखोबाच्या पायरीकडे ती का गेली नाही? द नोबिलीचे जानवे उतरले होते. त्याची नजर उतरली नव्हती.

४

आता त्या दुसऱ्या रस्त्याविषयी. हाच नगर रोड पुढे अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जातो. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन जेझुइटांनी राहुरी, संगमनेरकडच्या खेड्यांत ठाणी घातली. त्याआधीच १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन नगरला होते. त्या मिशनच्या 'ज्ञानोदय'ने १८५५ मध्ये मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीचा निबंध छापला होता, हे आपण कृतज्ञतेने स्मरले पाहिजे. या मिशनांत जे आले ते मुख्यत्वे महार आणि मांग. दुष्काळात भाकरीसाठी आले असे सवर्ण आजही कुत्सितपणे म्हणतात. आले असतील. भाकरी देणारा धर्म आणि भाकरी हिसकावणारा धर्म यांत निवड करायला तत्त्वज्ञानाची पदवी लागत नाही.

माझ्या आजीची धाकटी बहीण त्या भागात दिलेली. ते घर ख्रिस्ती. दरवर्षी हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेचा प्रसाद आमच्या घरी येई, आणि आमच्याकडून भीमजयंतीचे लाडू तिकडे जात. आजी म्हणे, "तिनं देव बदलला, आम्ही बुद्ध केला, पर गावानं आमाला दोघींला येकाच नावानं हाक मारली."

तिचा नातू माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याला पाद्री व्हायचे होते. एका सेमिनरीत (ती रामवाडीची नव्हे) त्याने काही वर्षे काढली आणि तो परत आला. का, ते त्याने फार दिवस सांगितले नाही. एकदा बोलता बोलता म्हणाला, "दादा, तिथं जेवायला एकाच टेबलावर बसायचो. पण आडनाव सांगितलं की दुसरा प्रश्न यायचा, मूळ कुठले? तो प्रश्न मी केंदूरलाही ऐकलाय." मग थोडे थांबून: "तुझ्या दाखल्यावर तुझी जात लिहिली, म्हणून तू शिकलास. माझ्या दाखल्यावर ख्रिश्चन लिहिलं. सरकार म्हणतं तुला जात नाही, गाव म्हणतं आहे. खरं कोण बोलतंय?"

या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकलो नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये आपल्याला, म्हणजे बौद्धांना, तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. १९८५ मध्ये सूसाई या ख्रिस्ती झालेल्या चर्मकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दाद दिली नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये हा धर्माचा अडसर काढण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला गेला. १९९० साली आपण पेढे वाटले. मागे कोण राहिले ते पाहायला आपल्यातले किती जण थांबले?

५

इतिहास इथेच थांबला असता तर हा लेख केवळ तक्रार ठरला असता. पण रामवाडीच्या त्याच आवारात जॉर्ज सोआरिश-प्रभू (१९२९–१९९५) हे बायबलचे पंडित शिकवून गेले. युरोपीय विद्यापीठांतली सारी चिकित्सा पचवून त्यांनी प्रश्न विचारला तो हा: भारतातल्या गरिबाने, जातीने चिरडलेल्याने शुभवर्तमान वाचले तर त्याला कोणता येशू दिसेल? कुष्ठरोग्याला हात लावणारा, जकातदारांच्या पंगतीला बसणारा, शुद्धाशुद्धतेचे नियम मोडणारा येशू. द नोबिलीने ज्या पंगतीतून अंग काढून घेतले त्याच पंगतीत त्यांनी आपला गुरू बसलेला दाखवला. संस्थेच्या नावातून जे उमटत नाही ते तिच्या एका शिक्षकाच्या विचारातून उमटते, हे शिक्षकी पेशाच्या माणसाला बळ देणारे आहे.

प्रॉटेस्टंटांकडून आणखी स्पष्ट शब्द आला, आणि तो महाराष्ट्राच्या मातीतून आला. अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगलोरला शूद्रांच्या धर्मशास्त्राचा विचार मांडला. त्यातून दलित ख्रिस्ती धर्मशास्त्र उभे राहिले. १९७२ चे दलित पँथर आणि मराठी दलित साहित्य यांची ठिणगी त्यामागे होती. म्हणजे आपल्या कवींनी वरळी-कामाठीपुऱ्यात जे पेटवले त्याचा उजेड सेमिनरीच्या वर्गापर्यंत गेला. ज्ञानदीप कोणी कोणाला दिला, याचा हिशोब आता उलटा मांडावा लागेल.

फेब्रुवारी १९८६ मध्ये दुसरे जॉन पॉल पुण्यास आले. २००३ मध्ये त्यांनी तमिळनाडूच्या बिशपांना चर्चमधल्या जातिभेदाबद्दल बजावले. डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले. सुमारे १ कोटी ९० लाख कॅथॉलिकांपैकी सुमारे १ कोटी २० लाख दलित असून नेतृत्वात त्यांना स्थान नाही, हे तेव्हा चर्चने स्वतःच कबूल केले. २०२२ मध्ये हैदराबादचे अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. 'तुझी मुले' हे शब्द १८९३ चे. त्यांचा अर्थ चेरीपर्यंत आणि महारवाड्यापर्यंत पोचायला सव्वाशे वर्षे लागली, आणि अजून तो पुरता पोचलेला नाही.

६

शेवटी आपल्याविषयी. १९४५ मध्ये बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली. १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ, १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू झाले. त्या कॉलेजला पुढे त्यांनी मिलिंद हे नाव दिले. मिलिंद हा गुरू नव्हे. नागसेन भिक्खूला एकामागून एक प्रश्न विचारणारा तो राजा. नागसेनाचे नाव त्यांनी परिसराला दिले आणि विद्यार्थ्यांसमोर ठेवला तो प्रश्नकर्ता.

एका संस्थेचे वसतिगृह जानवे घालून वरच्यांच्या दारी गेलेल्या पंडिताचे नाव सांगते, दुसऱ्या संस्थेचे महाविद्यालय प्रश्न विचारणाऱ्याचे. पण नाव पुरत नाही, हेच तर रामवाडीचा इतिहास सांगतो. तिथल्या ग्रंथालयाचे दार मुलांना उघडे आहे. आपल्या किती महाविद्यालयांत ते आहे? 'मूळ कुठले' हा प्रश्न आपल्या पंगतीत, आपल्या सोयरिकीत, महार-मांग-चांभारांत कोणी विचारीत नाही असे छातीवर हात ठेवून किती जण म्हणतील?

मार्च २०२४ पासून रामवाडीपर्यंत मेट्रो आली आहे. गेल्या १ जानेवारीला स्तंभाला वंदन करून मी माझ्या त्या भावासह परतत होतो. तो आता नगर जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवतो. वाहतूक अडली, गाडी त्या आवाराशेजारी थांबली. मी त्याला ब्रीदवाक्याचा अर्थ सांगितला. तो बराच वेळ क्रूसाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "दादा, पुढच्या वर्षी माझ्या वर्गातली दोन पोरं घेऊन येतो. आधी स्तंभ दाखवू, मग हे ग्रंथालय. दोन्ही त्यांचंच आहे."